'स्नोडेन': कॉल ऐकला नाही, मग बिघडलं काय?

आजचा भाग ऑलिव्हर स्टोनच्या 'स्नोडेन' या २०१६ च्या सिनेमावर. जोसेफ गॉर्डन-लेव्हिटने यात एडवर्ड स्नोडेनचं काम केलंय. रुबिक क्यूबमध्ये मेमरी कार्ड लपवून तो ऑफिसबाहेर पडतो, तेव्हा मी अक्षरशः श्वास रोखून बसलो होतो.

पण या गोष्टीतली खरी भीती त्या क्यूबमध्ये नाही. ती आहे कॉल लिस्टमध्ये.

जून २०१३. हाँगकाँगच्या हॉटेलात स्नोडेन पत्रकारांना भेटला आणि 'गार्डियन'मध्ये पहिली बातमी आली. एका गुप्त कोर्टाच्या आदेशावरून व्हेरायझन ही फोन कंपनी लाखो ग्राहकांचे कॉल रेकॉर्ड रोजच्या रोज एनएसए या गुप्तहेर संस्थेला देत होती. त्यावर राष्ट्राध्यक्ष ओबामा म्हणाले की, तुमचं बोलणं कुणी ऐकत नाहीये.

ते खरंच होतं. घेतला जात होता तो मेटाडेटा, म्हणजे कुणी कुणाला, कधी, किती वेळ फोन केला एवढंच.

आता जरा विचार करा. एका मुलीने सकाळी पॅथॉलॉजी लॅबला फोन केला. दुपारी कॅन्सरच्या डॉक्टरांना. लगेच आईला, पन्नास मिनिटं. मग विमा कंपनीला. एक शब्दही न ऐकता तुम्हाला कळलं ना काय झालंय ते? बोलताना माणूस खोटं बोलू शकतो, कॉल लिस्ट नाही.

मे २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने सांगितलं की, कायद्यात अशी सरसकट माहिती गोळा करायची परवानगीच नाही. पुढच्याच महिन्यात नवा कायदा आला आणि ही पद्धत बंद करायचं ठरलं.

आणि स्नोडेन? त्याच्यावर १९१७ च्या हेरगिरी कायद्याखाली गुन्हे दाखल झाले. तो रशियात अडकला, २०२२ मध्ये तिथलाच नागरिक झाला.

सिनेमा त्याला सरळ हिरो करतो. अमेरिकेत मात्र अनेकांना तो आजही फितूर वाटतो. त्याने नेलेली बरीच कागदपत्रं लष्करी होती, असं तिथल्या संसदेच्या समितीचं म्हणणं आहे. मला विचाराल तर तो जागल्या आहे, पण हा सवालही टाळू नका.

म्हणून सिनेमा झाला की 'सिटिझनफोर' ही ऑस्कर मिळालेली डॉक्युमेंटरी बघा. हॉटेलच्या त्याच खोलीत शूट झालीय, त्यात खरा स्नोडेन दिसतो.

आणि आज झोपायच्या आधी स्वतःचा कॉल लॉग एकदा वाचा. परक्या माणसाच्या नजरेने. भेटूया पुढच्या भागात!