जखमेतले जंतू येतात कुठून?

मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर जखमेत पू झाला की घरच्यांचा पहिला संशय ऑपरेशन थिएटरवर जातो. अवजारं नीट निर्जंतुक केली नसतील, कुणी हात धुतले नसतील. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासायचं ठरवलं. त्यांनी शस्त्रक्रियेआधीच रुग्णांच्या नाकातले, पाठीवरचे आणि गुदमार्गातले जंतू गोळा करून ठेवले. पुढे ज्यांना संसर्ग झाला, त्यांच्या जखमेतल्या जंतूंचे जनुकसंच या साठ्याशी ताडून पाहिले. २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ८६ टक्के संसर्गांत जंतू रुग्णाचेच, आधीपासून अंगावर असलेले! त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे, ५९ टक्के जंतू त्याच रुग्णाला दिलेल्या प्रतिबंधक अँटिबायोटिकला दाद देणारे नव्हते.

एरवी निरुपद्रवी असलेले हे जंतू इथे का माजतात? कारण स्क्रू आणि सळया. १९५७ मध्ये एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकोकस टोचून पाहिले. पू व्हायला लाखो जंतू लागत; पण तिथे रेशमी टाका असला की काही शेकडे पुरत. टायटॅनियमच्या स्क्रूवरही जंतू चिकट थर करून बसतात, तिथे ना पेशी पोचतात ना औषध पुरेसं पोचतं. आणि हाड जुळेपर्यंत स्क्रू काढताही येत नाही.

म्हणून वेळ महत्त्वाची. सेफाझोलिन पहिल्या छेदाआधी तासाभरात शिरेतून द्यायचं, शस्त्रक्रिया लांबली तर चार तासांनी पुन्हा. जखमेत व्हँकोमायसिनची पूड टाकण्याची पद्धतही बरीच रुळली आहे. मात्र कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये ९०७ रुग्णांवर झालेल्या चाचणीत संसर्गाचं प्रमाण पुडीविना १.६८ टक्के, तर पुडीसह १.६१ टक्के निघालं. म्हणजे फरक नाहीच. मला तरी सरसकट पुडीपेक्षा रुग्णागणिक औषध निवडणं अधिक पटतं.

रुग्णाच्या हातात काय? सिगारेट बंद, साखर आटोक्यात, आणि पाठीवर घरी वस्तरा फिरवायचा नाही. बारीक ओरखड्यांत जंतू वाढतात. आणखी एक. 'लहानपणी पेनिसिलिनने पुरळ आलं होतं' असं आईने सांगितलेलं आपण इथल्या फॉर्मवर निमूटपणे लिहितो. मग सेफाझोलिनऐवजी बहुधा दुसरं औषध मिळतं आणि संसर्गाचा धोका वाढतो. अशी नोंद असलेल्या दहातल्या नऊ जणांना तपासणीत ॲलर्जी सापडतच नाही. शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधी ही तपासणी मागून घ्या.