अंगठ्याची जागा

हातानं घडवलेल्या वाद्यांच्या मालिकेत मिरजेची सतार झाली, तबल्याची शाई झाली, तेव्हा संपादकांनी विचारलं, "बेस गिटार कुणी बनवतं का हो आपल्याकडे?" ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका ओळखीच्यानं वसईतल्या एका गृहस्थांचा नंबर दिला. फोन केला तर त्यांनी आधी अट घातली : नाव छापायचं नाही. "नाव छापून आलं की लोक दुरुस्तीच्या गिटारी घेऊन दारात. मग नवं काम कधी करू?" म्हणून या लेखात ते नुसते मास्तर. गल्लीतही त्यांना तसंच म्हणतात. वडील होड्यांचं सुतारकाम करायचे. मास्तर त्यांच्या हाताखाली रंधा धरायला शिकले, पुढे लग्नाच्या बँडमध्ये बेस वाजवू लागले, आणि उतारवयात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये या दोन्ही विद्या एका बाकावर आल्या. वर्षाला चार-पाच बेस होतात. त्याहून जास्त करायची त्यांची इच्छा नाही.

बेस गिटारचा इतिहास तसा आखूड आहे. १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बेस' आणली. तोवर बँडमधला खर्ज सांभाळायला माणसाहून उंच डबल बेस लागायचा. तो गाडीत मावत नसे, गोंगाटात ऐकू येत नसे आणि त्यावर फ्रेट, म्हणजे सुरांच्या जागा ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या, नसल्यामुळे सूर कानानंच हुडकावा लागे. फेंडरनी वाद्य आडवं केलं, फ्रेट बसवले, वीज जोडली आणि तारेची वाजती लांबी ३४ इंच ठेवली. आजही बहुतेक बेस याच मापाच्या असतात. फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, स्वतः गिटार वाजवत नसत. हातात धरायला काय बरं वाटतं हे त्यांना वादकांनाच विचारावं लागे. १९६० साली त्यांची 'जॅझ बेस' आली, तेव्हा नटपाशी, म्हणजे तारा जिथून वाद्याच्या लांब मानेवर, नेकवर, उतरतात तिथे, रुंदी पावणेदोन इंचांवरून दीड इंचावर आली होती. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांची बेस असे. आज मुंबईची मोहिनी डे जगभर वाजवते आहे. तेव्हा बेस आपल्याला परकी नाही. ती इथे घडते, एवढंच फार जणांना ठाऊक नाही.

"बॉडी लोक बघतात, नेक लोक धरतात," मास्तर म्हणाले. बॉडीचं काम ते भराभर उरकतात. ते रेंगाळतात नेकच्या पाठीशी, आणि त्यांच्यामागे मीही तिथेच रेंगाळले.

नेकची पुढची बाजू गणिताच्या ताब्यात असते. ३४ इंच म्हणजे ८६४ मिलिमीटर. ही लांबी १७.८१७ नं भागली की पहिल्या फ्रेटची जागा मिळते : नटपासून साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्यानं भागायचं की दुसरी, आणि असंच शेवटपर्यंत. यात कुणाची मर्जी चालत नाही. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत १३ सेंटिमीटर भरतात आणि ते अंतर लहान हाताला आणि मोठ्या हाताला सारखंच कापावं लागतं. फ्रेटांच्या खाचा म्हणूनच मास्तर बाहेरून मशीनवर पाडून आणतात. कारागिराची मर्जी चालते ती फक्त पाठीमागे, जिथे अंगठा टेकतो.

इथे गिऱ्हाइकाची मागणी ठरलेली असते : पातळ करा. मास्तरांचं सगळं कसब या एका मागणीला नकार देण्यात आहे. पातळ नेक दुकानात दोन मिनिटं हातात घेतली की छान वाटते. तासभर वाजवलं की अंगठ्याला टेकायला काही उरत नाही, तो दाबत राहतो, मनगट मुडपतं आणि पंजा दुखू लागतो. शिवाय पातळ नेक वाकते. चार तारांचा मिळून ओढा साधारण ८० किलो असतो आणि तो चोवीस तास चालू असतो. लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाच्या हिशेबानं बदलतो. त्यामुळे २२ मिलिमीटरची नेक २० वर आणली की हाताला फरक दोन मिलिमीटरांचा लागतो, पण ताठपणा पाव हिश्शानं जातो.

मग आराम येतो कुठून? "खांद्यांतून," मास्तर सांगतात. नेकची कड आणि पाठीचा कणा यांच्यामधला जो उतार, त्याला ते खांदा म्हणतात. रुंदी तीच, जाडी तीच, पण खांदा भरलेला असेल तर नेक ओंडक्यासारखी लागते आणि खांदा उतरवला तर तीच नेक सडपातळ वाटते. कॅटलॉगात या आकारांना इंग्रजी अक्षरं दिलेली असतात : सी, डी, यू, व्ही. मास्तर अक्षरं वापरत नाहीत. त्यांच्या बहुतेक नेक दोन्ही बाजूंना सारख्या नसतात. बारीक तारांच्या बाजूला, जिथे तळहाताचा वरचा भाग घासतो, तिथला खांदा ते थोडा जास्त उतरवतात. जाड तारांच्या बाजूला भर ठेवतात, कारण अंगठा तिकडे झुकतो.

कामाची पद्धत मात्र वडिलांची, डोलकाठी आणि वल्हं गोल करायची. चौकोनी ठोकळ्याला थेट गोलाई द्यायची नाही. आधी पेन्सिलीनं रेषा आखायच्या आणि दोन्ही कोपरे सपाट उतरवायचे. मग नव्या कडा पुन्हा सपाट उतरवायच्या. पैलू वाढत जातात, कडा बोथट होत जातात आणि शेवटी गोलाई आपसूक हाती येते. ही शिस्त पाळली नाही तर नेकला कुठे पोट सुटतं, कुठे खळगा पडतो. पहिल्या फ्रेटपाशी आणि बाराव्या फ्रेटपाशी ते पत्र्याचे दोन फर्मे लावून आकार पक्का करतात. मधला भाग सरळ पट्टीनं जोडायचा. सगळ्यात अवघड दोन टोकं : वर जिथे नेक खुंट्यांच्या डोक्याला मिळते, आणि खाली जिथे ती बॉडीत शिरते. तिथे रंधा चालत नाही, कानस आणि पटाशी लागते. जाड कामात मास्तर सुतांत बोलतात, अर्धं सूत, पाव सूत. खांद्यावर आले की माप बंद होतं. डोळे मिटून हात फिरवतात आणि पुन्हा पॉलिश पेपर उचलतात.

नालासोपाऱ्याची एक मुलगी त्यांच्याकडून बेस घडवून घेत होती. रविवारी चर्चमध्ये आणि एरवी ऑर्केस्ट्रात वाजवणारी, हात लहान. तिलाही पातळच हवी होती. मास्तरांनी कच्ची नेक तात्पुरत्या तारा चढवून बॉडीला जोडली, पाठीवर सुताराची जाड पेन्सिल घासून सगळी पाठ काळी केली आणि म्हणाले, "बाय, तुझं नेहमीचं वाजव. मला दाखवायला म्हणून वाजवू नकोस." अर्ध्या तासानं नेक उलटी केली. पेन्सिल पुसली गेली होती ती एका तिरक्या पट्ट्यात : नटपाशी पाठीच्या मधोमध, आणि वर सरकेल तशी जाड तारांच्या बाजूला. शिवाय पहिल्या तीन फ्रेटांच्या खाली बारीक तारांच्या कडेशी एक स्वच्छ चट्टा होता. तर्जनीचं मूळ तिथे घासत होतं. तिरक्या पट्ट्याला त्यांनी हात लावला नाही. तो अंगठ्याचा. कानस चालली ती फक्त चट्ट्यावर.

मुलीनं पुन्हा वाजवून पाहिलं. "अंकल, आता पातळ झाली." मास्तरांनी व्हर्निअर तिच्या हाती दिला. जाडी पहिल्याइतकीच, २२ मिलिमीटर.

नेकचं लाकूड बहुधा पाडलेल्या जुन्या घरांचं सागवान असतं. तुळयांनी कित्येक पावसाळे पाहिलेले असतात, त्यामुळे त्यांची वळवळ बरीचशी संपलेली असते. सागात नैसर्गिक तेल असतं आणि सिलिकाही असते. पहिल्यामुळे लाकूड टिकतं, दुसऱ्यामुळे हत्यारांची धार जाते. मास्तरांच्या बाकावर रंध्याशेजारी धारेचा दगड कायम ओला. तुळईत मोडलेला खिळा लपलेला असला तर पातं तुटतं ते वेगळं.

या गोल पाठीच्या आत एक पोलादी सळई असते, ट्रस रॉड. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांनी १९२१ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. काम साधं : तारा नेकला पुढे ओढतात, सळईचा पेच आवळला की ती नेकला मागे रेटते. नेक अगदी सरळही चालत नाही, कारण हलणारी तार फ्रेटला लागून खरखरते. मधोमध पोस्टकार्डाच्या जाडीइतका, म्हणजे सुमारे पाव ते तीन दशांश मिलिमीटर बाक हवा. तो ठेवण्याचं काम या सळईचं. पण तिला राहायला खोली लागते. वर सहा मिलिमीटरचा फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवलेली फळी, खाली दहा मिलिमीटरची खाच, म्हणजे २० मिलिमीटरच्या नेकमध्ये पाठीला उरतं चार मिलिमीटर लाकूड. 'अजून पातळ' म्हणणाऱ्याला मास्तर ही खाच दाखवतात. बहुतेक जण मग गप्प होतात.

एवढ्यावर लेख संपला असता, पण मास्तरांच्या अडचणी इथून सुरू होतात आणि त्यांचं निम्मं बोलणं त्यांबद्दलच असतं. पहिली अडचण पाऊस. जून ते सप्टेंबर वसईची हवा ओथंबलेली असते. ८५ टक्के दमटपणात लाकडातला ओलावा १८ टक्क्यांपर्यंत चढतो. कोरड्या गावी, ३० टक्के दमटपणात, तो सहावर येतो. लाकूड लांबीत जवळपास बदलत नाही, रुंदीत बदलतं, आणि फ्रेटबोर्ड व नेक वेगवेगळ्या जातीच्या लाकडाचे असले की दोघांची फुगण्याची चाल जमत नाही. त्यात ओलं लाकूड थोडं मऊ पडतं. तारांचं फावतं, नेक पुढे वाकते, तारा बोर्डपासून उंच होतात आणि आरामाची म्हणून घडवलेली नेक बोटांना जड जाते. तीच बेस उन्हाळ्यात दिल्लीला गेली की बोर्ड आकसतो आणि फ्रेटांची टोकं कडेतून बाहेर येऊन बोटाला ओरखडतात. एसी स्टुडिओतून दमट रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्या वाद्याचे हे हाल तर वर्षभर चालतात. वाद्यांची रचना करणाऱ्या नेड स्टाइनबर्गर यांनी १९८०च्या सुमारास लाकूडच काढून टाकलं आणि कार्बन फायबरची, डोकं नसलेली बेस केली. मास्तरांनी मधला मार्ग धरला आहे : सळईच्या दोन्ही बाजूंना कार्बनच्या दोन पट्ट्या पुरायच्या. वाकणं कमी होतं, थांबत नाही.

दुसरी अडचण पॉलिशची. जाड चकचकीत लॅकर ओल आत येऊ देत नाही, पण घामेजलेला अंगठा त्यावर चिकटतो. लाखेचं पॉलिश दमट हवेत पांढुरकं पडतं. उरलं तेल. तेल चोळलेली पाठ हाताला सगळ्यात गोड, पण ओलाव्याला दार उघडं, आणि दर वर्षी पुन्हा चोळावं लागतं. फ्रेट नसलेल्या बेसच्या बोर्डवर मात्र मास्तर निर्धास्तपणे इपॉक्सी चढवतात. प्रसिद्ध बेसवादक जॅको पॅस्टोरिअसनं १९६२च्या जॅझ बेसचे फ्रेट गेल्यावर बोर्डला होडीचं इपॉक्सी लावलं होतं, हे सांगितल्यावर मास्तरांना नवल वाटलं नाही. त्यांना तो डबा लहानपणापासून माहीत.

तिसरी अडचण लाकडाची. जुन्या तुळया आता फर्निचरवाले आधीच उचलतात. फ्रेटबोर्डसाठी लागतं शिसव. भारतीय शिसवाचे बोर्ड जगभरच्या गिटारींवर बसलेले असतात, पण सरळ रेषांची, नीट सुकलेली एकच फळी मागणाऱ्या माणसाची वखारीत कुणाला पर्वा नसते. २०१७च्या जानेवारीपासून शिसवाचं सगळं कूळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांत आलं. तयार वाद्यांना २०१९च्या अखेरीस सवलत मिळाली, कच्च्या लाकडाला नाही.

आणि चौथी अडचण गिऱ्हाईक. मास्तर शेवटचा हप्ता पहिला पावसाळा गेल्यावरच घेतात. ऑक्टोबरात बेस परत आणायची, मग ते सळईचा पेच पाव फेरा फिरवतात, फ्रेटांची टोकं घासतात, आणि खांदा कुठे अजून बोचत असेल तर तेवढा उतरवतात. नेक त्यांच्या लेखी तेव्हा पुरी होते. पण बरेच जण येतच नाहीत. कुणी हप्ता बँकेत भरून मोकळा होतो. कुणी जवळच्या दुकानात पेच आवळून घेतो, कधी इतका की सळईच तुटते. मग आतली सळई काढायला फ्रेटबोर्ड उकलावा लागतो आणि महिन्याचं काम वाया जातं.

मला वाटतं, मास्तरांच्या कामाचं मोल त्या चट्ट्यात आहे : वादकाला जे सांगता येत नाही ते वाजवताना पुसलेल्या पेन्सिलीत वाचायचं आणि तेवढंच लाकूड काढायचं. मास्तरांच्या बेसच्या किमतीत कारखान्याची चांगली बेस मिळते आणि ती वाईट नसते. फक्त ती सगळ्यांच्या अंगठ्यांची सरासरी असते. हातची घडवून घ्यायची असेल तर कारागिराला मिलिमीटर सांगत बसू नका, अर्धा तास तुमचं नेहमीचं वाजवून दाखवा. आणि पाऊस सरला की बेस त्याच्याकडे परत न्या. ते काम किमतीत धरलेलं असतं.