टॅलीत एक रकाना वाढवताना

बिलात माल उतरवून घेणाऱ्याचे नाव हवे असेल, तर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढा एक रकाना वाढवता येतो. टीडीएल या टॅलीच्याच भाषेत लिहिलेली ही भर वेगळ्या फाइलमध्ये राहते. मूळ प्रोग्रॅमला हात लागत नाही. अपडेटनंतर काही अडले, तर ती फाइल बंद करून दोष कुठे आहे ते तपासता येते. म्हणूनच बदल छोटे आणि सुटे ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे. त्यापेक्षा कामाची पद्धतच सॉफ्टवेअरप्रमाणे बदला, असे काहीजण म्हणतात. हिशेबाच्या नियमांपुरते ते रास्तच आहे. जीएसटीची आकारणी कोणी आपल्या सोयीने वळवू नये. पण टॅलीत रकाना नाही म्हणून तीच नोंद रोज वहीत पुन्हा लिहिणाऱ्या कारकुनाचे श्रम वाचवणे ही चैन नव्हे. मात्र ही भर लिहून देणाऱ्याकडून तयार टीसीपी (म्हणजे कंपाइल केलेल्या) फाइलबरोबर मूळ टीडीएल कोडही मागून घ्यावा. तो नसेल तर पुढची दुरुस्ती दुसऱ्या कोणाला करता येत नाही.