ऑइल कूलरचं दुसरं काम

कूलंटच्या टाकीचं झाकण उघडावं आणि आत हिरव्या पाण्याऐवजी तपकिरी साय दिसावी, की डिझेल गाडीच्या मालकाच्या पोटात गोळा येतो. ‘हेड गॅस्केट गेलं’ हा पहिला अंदाज. पुष्कळदा दोष त्याहून लहान भागात असतो: ऑइल फिल्टरच्या हाउसिंगला चिकटून बसलेल्या, तळहाताएवढ्या ऑइल कूलरमध्ये. तो सापडला, की गॅरेजमध्ये दोन मतं पडतात. एक म्हणतं, नवा बसवा. दुसरं म्हणतं, काढूनच टाका. पाण्याचे पाइप एकमेकांना जोडले, की ऑइल आणि पाणी एक होण्याची भानगडच उरत नाही, आणि जुन्या गाड्यांना कुठे होता कूलर? दुसरं मत स्वस्त आणि सुटसुटीत आहे. पण ज्या इंजिनाला कंपनीनेच कूलर दिला आहे, त्याच्या बाबतीत ते चुकीचं आहे.

मुळात ‘कूलर’ हे नावच अर्धं काम सांगतं. आजच्या बहुतेक गाड्यांत हा भाग म्हणजे पातळ पत्र्यांची चळत असते. एका फटीतून ऑइल वाहतं, शेजारच्या फटीतून कूलंट, आणि मधल्या पत्र्यातून उष्णतेची देवाणघेवाण होते. सकाळी थंड इंजिन सुरू केलं, की कूलंट ऑइलच्या आधी तापतं. त्या वेळी हाच भाग कूलंटची उष्णता ऑइलला देतो, म्हणजे चक्क हीटरचं काम करतो. घट्ट ऑइल लवकर पातळ होऊन वरच्या भागांपर्यंत पोचतं आणि पंपावरचा ताण कमी होतो. पुढे घाट लागला आणि ऑइल कूलंटपेक्षा गरम झालं, की उष्णता उलट दिशेने जाते. कूलंटचं तापमान थर्मोस्टॅट 90 अंशांच्या आसपास धरून ठेवतो. त्याला बांधलेलं ऑइलही मग फार वर किंवा फार खाली जात नाही. बायपास करणारा एका भागाबरोबर ही दोन्ही कामं काढून टाकतो.

‘जुन्या गाड्यांना नव्हता’ हा युक्तिवाद आकड्यांवर तपासून पाहावा. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं होतं आणि ताकद सुमारे 40 अश्वशक्ती. खालच्या ऑइल चेंबरला लागणारा वारा तेवढ्या उष्णतेला पुरत होता. आता पुण्याजवळच्या रांजणगावातही तयार झालेलं फियाटचं 1.3 लिटरचं मल्टीजेट डिझेल घ्या. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत ते बसलं. 2020 मध्ये बीएस-6 नियम आल्यावर भारतात ते थांबलं, पण रस्त्यावर अजून मुबलक आहे. त्याची क्षमता 1248 सीसी, आणि साध्या रूपातही ताकद 75 अश्वशक्ती, म्हणजे दर लिटरमागे पद्मिनीच्या दीडपटीहून जास्त. वर टर्बोचं ओझं. एवढ्या लहान टर्बोचा दांडा मिनिटाला 2 लाख फेऱ्यांच्या घरात जाऊ शकतो, आणि तो फिरतो ऑइलच्या पातळ थरावर. आजच्या अनेक टर्बो डिझेलांत पिस्टनच्या पोटावरही ऑइलचे फवारे मारतात. म्हणजे इथे ऑइल वंगणाइतकंच उष्णता वाहून नेणारं आहे, आणि ते आहे जेमतेम 3 लिटर. पद्मिनीचा न्याय त्याला लावता येत नाही.

यावर ‘काटा तर कधी वर जात नाही’ असा आक्षेप येतो. तो काटा कूलंटचं तापमान दाखवतो, ऑइलचं नाही. कसारा किंवा खंबाटकी घाटात भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढते तेव्हा भार पूर्ण असतो आणि समोरून येणारा वारा तुटपुंजा. बायपास केलेल्या इंजिनात काटा मधोमध असतानाही ऑइल बरंच पुढे गेलेलं असू शकतं. ‘पूर्ण सिंथेटिक ऑइल टाकू, ते उष्णता सोसतं’ हा आक्षेप जास्त वजनदार आहे. सिंथेटिक ऑइल खरोखरच उशिरा खराब होतं. पण तापमान दर 10 अंशांनी वाढलं, की ऑक्सिडेशनचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम त्यालाही चुकत नाही. शिवाय 30 ग्रेडचं ऑइल 100 अंशांवर त्या ग्रेडचं असतं. 130 वर ते बरंच पातळ होतं, मग डबा कितीही महागाचा असो. बेअरिंगला हवा असतो तो थर, आणि थर टिकतो घट्टपणावर.

राहिला गळतीचा आक्षेप, आणि तो खरा आहे. कूलर फुटतो तेव्हा नुकसान मोठं होतं. पण तो फुटतो का, हेही पाहावं. रबरी सील वर्षानुवर्षं उष्णतेने कडक होतात, आणि कूलंटऐवजी बोअरचं क्षारयुक्त पाणी ओतत राहिलं तर आतला पत्रा कुरतडला जातो. यातलं बरंचसं टाळता येतं. निदानही अवघड नाही. चालू इंजिनात ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त असल्यामुळे आधी ऑइल पाण्यात उतरतं. म्हणून टाकीत साय आहे, पण डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ आहे आणि कूलंटमध्ये जळालेल्या वायूचे बुडबुडे नाहीत, तर हेड उघडण्याआधी कूलर तपासावा. तो काढून एक तोंड बंद करायचं, दुसऱ्यातून हवा भरायची आणि पाण्यात बुडवायचा. पंक्चरवाला ट्यूब बघतो तसंच. बुडबुडा आला, की हजारोंचं हेडकाम वाचलं.

याचा अर्थ प्रत्येक गाडीला कूलर हवा असा नाही. शहरात फिरणाऱ्या कितीतरी साध्या पेट्रोल गाड्या त्याच्याशिवायच येतात आणि धडधाकट चालतात. त्यांना बाहेरून मोठा कूलर जोडला तर ऑइल गरजेपेक्षा थंड राहतं, आणि त्यात जमलेलं पाणी व इंधन उडून जात नाही. वाटेत कूलर फुटला तर गाडी हळूहळू गॅरेजपर्यंत नेण्यापुरता बायपास चालेल. त्याच्या भरवशावर उन्हाळा काढू नये. कंपनीने दिला असेल तर ठेवावा, नसेल तर लावू नये, आणि हाउसिंग उघडलंच तर सील नवे टाकून टाकीत बोअरचं पाणी ओतणं बंद करावं.