शेततळ्यातला आफ्रिकन पाहुणा

शेततळ्यात रोहू, कटला, मृगळाचे बीज सोडले आणि वर्षभराने जाळ्यात बोटभर लांबीचे भलतेच मासे आले, तर पहिला संशय तिलापियावर घ्यावा. बाजारात त्याला चिलापीही म्हणतात. हा मूळचा आफ्रिकेच्या गोड्या पाण्यातला, सिक्लिड कुळातला मासा. त्यातला मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला. स्वस्त प्रथिने मिळावीत, हा हेतू होता. १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर बंदी आली. पण तोवर तो बऱ्याच जलाशयांत पोहोचला होता.

त्याचे बळ त्याच्या तोंडात आहे! नर तळाशी खड्डा करतो, मादी तिथे अंडी घालते आणि लगेच ती तोंडात घेते. पिल्ले पोहू लागेपर्यंत, म्हणजे सुमारे दोन आठवडे, ती जवळजवळ उपाशी राहते. त्यामुळे थोडक्या अंड्यांतूनही पुष्कळ पिल्ले जगतात. रोहू-कटला पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या तळ्यात नाही. तिलापियाला ती अडचण नाही. तो दोन-तीन महिन्यांत वयात येतो आणि उबदार पाण्यात वर्षातून अनेकदा वितो. मग तळ्यात गर्दी होते, खाद्य वाटले जाते आणि सगळेच मासे खुरटतात.

खायला हा मासा चांगलाच: काटे कमी, प्रथिने भरपूर. धोका आहे तो पसरण्याचा. यवतमाळमध्ये पावसाळ्यात तळे भरून वाहिले, की पिल्ले नाल्यात उतरतात. पुढे बेंबळा वर्धेला मिळते; अडाण, अरुणावती आणि पूस पैनगंगेला. नदीत गेलेला मासा परत आणता येत नाही. तिथे तो स्थानिक माशांच्या खाद्यात आणि जागेत वाटेकरी होतो.

नाईल तिलापियाच्या पालनाला आता परवानगी आहे, पण अटींवर. म्हणून बीज परवानाधारक केंद्रातूनच आणि केवळ नरांचे घ्यावे, म्हणजे तळ्यात वीण होत नाही. सांडव्याला बारीक जाळी लावावी. घरच्या काचपेटीतले छोटे आफ्रिकन सिक्लिड नकोसे झाले, तरी ते तळ्यात किंवा नदीत सोडू नयेत. दुकानदाराला परत द्यावेत. शेततळे उन्हाळ्यात आटते तेव्हा तळ गाळासकट पूर्ण सुकू द्यावा. एखाद्या डबक्यात उरलेली एक जोडीही पुढच्या पावसाळ्याला पुरते.