तेरा अंशांची वाट

बारामतीजवळच्या जळोचीत पाणी म्हणजे कऱ्हा नदी आणि नीरेचा कालवा. समुद्र इथून सह्याद्रीपलीकडे. न्हावा-शेवा बंदर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर. मधे पुण्याची गर्दी आणि बोरघाटाचा उतार. तरीही जळोचीच्या उपबाजारातल्या फळे-भाजीपाला हाताळणी केंद्राचं सगळं गणित जहाजाच्या वेळेवर चालतं. जहाज चुकलं तर ते एसटीसारखं तासाभराने पुन्हा येत नाही.

इंदापूरला उजनीच्या पाण्यावर वाढलेली केळी घ्या. परदेशी जाणारा घड पाऊणएक भरला की हिरवाच उतरवतात. फण्या सुट्या होतात, तुरटीच्या पाण्यात चीक जातो, मग पुठ्ठ्याचं खोकं, प्रीकूलिंग आणि शेवटी चाळीस फुटी रीफर कंटेनर. इथून पुढे सारा मामला तेरा-साडेतेरा अंशांचा. पारा बराच वेळ त्याखाली राहिला तर साल काळवंडते. वर चढला तर फळ इथिलीन वायू सोडू लागतं, आणि एका फणीने घाई केली की शेजारची खोकीही पिकायला लागतात. द्राक्षाला शून्याच्या आसपास हवं, डाळिंबाला पाच-सहा अंश. त्यामुळे तिन्ही फळं एकाच कंटेनरात घालून भाडं वाचवायचा बेत कुणी केलाच तर तो कागदावरच राहतो.

रीफर म्हणजे चाकांवर चढवलेला फ्रीज, आणि फ्रीजला वीज लागते. रस्त्यावर ती ट्रेलरच्या जनरेटरमधून मिळते, बंदराच्या यार्डात खांबावरच्या प्लगमधून, जहाजावर जहाजाच्या यंत्रातून. दर टप्प्याला एक वायर निघते आणि दुसरी लागते. माल नासतो तो बहुधा या सांध्यांवर. घाटात ट्रेलर अडकला आणि जनरेटरचं डिझेल संपलं, तर आत काय झालं हे दार उघडेपर्यंत फक्त तापमान नोंदवणाऱ्या यंत्राला ठाऊक असतं.

पेटी तीच, वाहन बदलतं, ही कल्पना तशी तरुण आहे. 26 एप्रिल 1956 रोजी माल्कम मॅक्लीन यांचं ‘आयडियल-एक्स’ जहाज 58 पेट्या घेऊन अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघालं. मात्र वाहनं बदलत माल किनाऱ्याला नेणं मराठी मुलखाला नवं नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तेरचा माल बिकट वाटांनी गाड्यांतून भडोचच्या बंदराला जात असल्याची नोंद आहे. वाटेत काही फुटलं तर भरपाई कुणी द्यायची, हे मात्र त्यात नाही.

या प्रश्नाला भारताने 1993 मध्ये बहुविध वाहतुकीच्या कायद्याने उत्तर दिलं. जहाजवाहतूक महासंचालकांकडे नोंदलेला एकच वाहतूकदार माल ताब्यात घेतल्यापासून पोहोचेपर्यंत जबाबदार, आणि त्याचा एकच दस्तऐवज. मालाची किंमत आधी जाहीर केली नसेल आणि नुकसान कोणत्या टप्प्यात झालं ते सांगता येत नसेल, तर भरपाईची कमाल मर्यादा दर नगाला 666.67 किंवा दर किलोला 2 एसडीआर, यांतली मोठी रक्कम. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, डॉलरहून थोडं महाग. तेरा किलोच्या केळीच्या खोक्याला एवढी मर्यादा रग्गड झाली. पण तो एक दस्तऐवज हातात असेल तरच. ट्रेलर एकाचा, बंदरातली कागदपत्रं एजंटाची आणि बिल ऑफ लेडिंग जहाज कंपनीचं, असा तुकड्यांचा कारभार असला की काळवंडलेल्या सालीला धनी सापडत नाही. जगही फार पुढे गेलेलं नाही: याच विषयावरचा संयुक्त राष्ट्रांचा 1980 चा करार आजवर अमलातच आलेला नाही.

समुद्रच नसलेल्या नेपाळसारख्या देशाला यावर सीमेचं ओझं. बीरगंजच्या कोरड्या बंदरात रेल्वेने येणारा कंटेनर कोलकात्याला किंवा विशाखापट्टणमला उतरलेला असतो, म्हणजे पारगमनाचा करार, सील आणि दोन देशांचं कस्टम आलं. जळोचीला परक्या देशाची परवानगी लागत नाही, एवढं सुख.

नोव्हेंबर 2023 मध्ये बारामतीतून केळीचा एक कंटेनर चाचणी म्हणून नेदरलँड्सला रवाना झाला. शेतमाल निर्यातीला चालना देणाऱ्या केंद्राच्या अपेडा या संस्थेच्या पुढाकारातली ही खेप. समुद्रप्रवासाची पद्धत लखनौच्या केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेच्या मदतीने बसवलेली. 5 डिसेंबरला तो रॉटरडॅमला लागला. पुढच्या दहा-बारा दिवसांतच तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बड्या जहाज कंपन्यांनी ती वाट सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. वेळापत्रकात दीड-दोन आठवडे वाढले. केळीला आणि द्राक्षाला हे दिवस कुठून आणायचे?

डाळिंबाचं तसं नाही, ते धीराचं फळ. सोलापूर भागातलं 5.7 टन डाळिंब तीन-तीन किलोंच्या 1,900 खोक्यांतून 6 डिसेंबर 2024 ला निघालं आणि 13 जानेवारी 2025 ला सिडनीला उतरलं, 38 दिवस. त्याच हंगामात 4,620 खोकी, सुमारे 14 टन भगवा जातीचं डाळिंब, पाच आठवड्यांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचली. अमेरिकेच्या वाटेवर आणखी एक सांधा असतो. फळासोबत गेलेली कीड तिकडे वाढू नये म्हणून जहाजावर चढण्याआधी फळावर विकिरण करावं लागतं. त्यासाठी पणन मंडळाचं केंद्र वाशीला आहे. म्हणजे थंड केलेला माल बंदराच्या अलीकडे एकदा उतरवायचा, तपासायचा आणि पुन्हा थंड कंटेनरात भरायचा.