अंगणातल्या रोपाचे खोड जपा

आंब्याचे नाहीतर चिकूचे कलम आणून आपण हौसेने अंगणात लावतो. शेणखत घालतो, वेळेवर पाणी घालतो, नवी पालवी फुटली की शेजारणीला हाक मारून दाखवतो. पण मैत्रिणींनो, त्या रोपाच्या खोडाकडे आपले लक्ष कितीसे जाते?

झाडाचा जीव सालीत असतो. मुळांनी शोषलेले पाणी आतल्या लाकडातून वर चढते; पानांत तयार झालेले अन्न मात्र सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जाते. डाळिंबाची गुटी बांधताना माळी फांदीची बोटभर साल गोल काढतो, ती याचसाठी. खाली जाणारे अन्न तिथे अडते आणि तिथेच मुळ्या फुटतात. हीच गोष्ट खोडावर झाली, तर जमिनीतली मुळे उपाशी पडतात. पाणी चढतच असल्याने झाड काही महिने हिरवे राहते, आणि मग एकाएकी वाळते. आपण म्हणतो, "दृष्ट लागली हो!"

आमच्या कॉलनीतल्या एका वहिनींनी मुलीच्या बारशाच्या वर्षी आंबा लावला होता. पाचव्या वर्षी तो मोहोराने नुसता लगडला. सगळ्यांना कोण आनंद! पण पुढच्या पावसाळ्यात झाड वाळले. कपडे वाळत घालायची तार खोडाला बांधलेली होती. खोड जाड होत गेले, तार तेवढीच राहिली आणि सालीत रुतून बसली. असे गळा आवळलेले झाड कधी कधी जाण्याआधी भरभरून फुलते.

तेव्हा पहिली गोष्ट, खोडाला तार, सुतळी, झोपाळ्याची दोरी काही बांधू नका. आधाराची काठी लागलीच तर जुन्या सुती साडीची पट्टी घ्या. काठी आणि खोड यांच्यामध्ये इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा पीळ देऊन ती सैल बांधा आणि दर दोन-तीन महिन्यांनी सोडून पुन्हा बांधा. कलमाच्या जोडावरची प्लॅस्टिकची पट्टीही जोड पक्का झाल्यावर सोडवायची असते. जोड मातीत गाडू नका. त्याच्या खाली फुटवे आले तर लगेच काढा.

शेळ्या येत असतील तर बांबूच्या कामट्यांचा पिंजरा करा किंवा बाभळीच्या काट्यांचे कुंपण घाला. पण ते खोडाला घासू देऊ नका.

पाणीही खोडाला भिडता कामा नये. लिंबू-संत्र्याच्या बुंध्याशी ओल राहिली की डिंक्या रोग होतो, साल फुटून डिंक गळतो. म्हणून दुहेरी आळे करतात. खोडाभोवती मातीचे छोटे कडे घालायचे आणि पाणी त्याच्या बाहेरच्या आळ्यात सोडायचे. अंगणात फरशी घालताना गवंड्याला सांगून खोडाभोवती हात-दीड हात जागा मोकळी ठेवा.

उन्हाळ्यात कोवळ्या खोडाची साल पश्चिमेच्या उन्हाने तडकते. विझवलेला चुना पातळ कालवून खोडाला लावला की ऊन परतते. ऑइलपेंट मात्र नको. पावसाळ्यापूर्वी बोर्डोपेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात वेगवेगळा कालवा आणि मग एकत्र करा. भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे घ्या, लोखंडाचे नको, आणि ते पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका. मिश्रणात लोखंडी सुरी बुडवून पाहा. तिच्यावर तांबूस थर आला तर आणखी चुना घाला. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत ब्रशाने लावा आणि त्याच दिवशी संपवा. मोरचूद विषारी आहे. हातमोजे घाला, मुलांना दूर ठेवा.

आणि हो, पेरूच्या खोडाचे पापुद्रे सुटलेले दिसले तर घाबरू नका, त्याची साल मुळातच तशी सुटते. पण आंब्याच्या बुंध्याशी भुसा पडलेला दिसला तर आत खोडकिडा आहे असे समजा. भोकात बारीक तार घालून अळी मारा आणि भोक चिखलाने लिंपा.

मुलांना खोडावर नावे कोरायला, खिळे ठोकायला आवडते. त्यांना रागावण्यापेक्षा गुटीची गोष्ट समजावून सांगा. शाळेतला माझा अनुभव असा, की कारण कळले की मुलेच राखण करतात. महिन्यातून एकदा तुम्ही खोडावरून सगळीकडून हात फिरवा. कुठे काही रुतते आहे का, ओल आहे का, ते हातालाच कळते.